काडतूस एक, पेट्या अनेक

उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे भारत आणि रशिया यांच्या संयुक्त कारखान्यातून एके-२०३ रायफली तयार होऊन लष्कराच्या हाती पडू लागल्या, त्याला आता काही काळ लोटला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या कराराप्रमाणे अशा ६ लाख १ हजार ४२७ रायफली तयार व्हावयाच्या असून त्यांपैकी ३५ हजार जुलै २०२४ पर्यंत लष्कराच्या स्वाधीन झाल्या होत्या. दुसरीकडे अमेरिकेच्या सिग सावर कंपनीकडून २०१९ साली ७२,४०० आणि २०२४ साली आणखी सुमारे ७३ हजार सिग-७१६ रायफली घेण्याचे करार झाले. पुण्यानजीक पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने हैदराबादच्या एका खासगी कंपनीच्या साह्याने घडविलेली ‘उग्रम’ ही रायफल जानेवारी २०२४ मध्ये लोकांसमोर आली. आणि २०२५ साली सुमारे सव्वाचार लाख कार्बाइनची जी मोठी खरेदी ठरली तीत सिंहाचा वाटा पुण्याच्याच भारत फोर्जकडे गेला. पायदळाच्या शिपायाला बऱ्या हत्यारासाठी वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवण्याची आपली परंपरा पाहता हा वेग निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु या साऱ्या खरेदीविषयी जी चर्चा वृत्तपत्रांतून आणि संसदेतून झाली ती पल्ला, किंमत आणि रायफल कोणत्या देशाची, या तीन गोष्टींभोवतीच फिरत राहिली. रायफलीच्या पोटाखाली जी एक वाकडी वा सरळ डबी अडकविलेली असते, जिला शिपाई ‘मॅगझिन’ म्हणतो आणि जिच्यावाचून ती महागडी रायफल म्हणजे केवळ एक जड काठी ठरते, तिच्याविषयी कोणी अवाक्षरही काढले नाही.

ही डबी दिसावयास क्षुद्र असते. पातळ पत्र्याचे किंवा कणखर प्लास्टिकचे एक कवच, आत एक स्प्रिंग, स्प्रिंगच्या माथ्यावर काडतुसे वर ढकलणारी एक पट्टी, आणि तोंडाशी काडतूस निसटू नये म्हणून आत वळविलेल्या दोन ओठांसारख्या कडा. एवढाच हा संसार. पण या ओठांचा कोन केसभर चुकला, स्प्रिंग किंचित सैल झाली, पत्र्याला ठोकर लागून खळगा पडला, की काडतूस नळीच्या तोंडाशी तिरके अडकते आणि रायफल मुकी होते. बंदूक ‘अडकली’ असे आपण सरसकट म्हणतो; परंतु अशा प्रसंगी पुष्कळदा दोष बंदुकीचा नसून पेटीचा असतो. अमेरिकी लष्कराने २००७ साली धुळीच्या कोठडीत आपल्या एम-४ कार्बाइनची आणि अन्य तीन रायफलींची परीक्षा घेतली. प्रत्येक जातीच्या हत्यारांतून साठ हजार फैरी झाडल्या गेल्या. एम-४ त्यांत ८८२ वेळा अडकली, आणि त्या ८८२ पैकी २३९ वेळा कारण मॅगझिनचे होते. म्हणजे चार वेळांतून एकदा दोष असा की जो रायफल न बदलता, केवळ डबी सुधारून नाहीसा करता आला असता. पुढे २००९ साली त्या लष्कराने मॅगझिनच्या आतली पट्टी आणि स्प्रिंग बदलली, ती याच अनुभवाच्या जोरावर.

मराठी वाचकाला मॅगझिनचे महत्त्व पटवून देण्यासाठी खरे म्हणजे अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा नायक यशवंत घाडगे, कुलाबा जिल्ह्यातला, वयाने अवघा बावीस वर्षांचा, १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटा धावून गेला. बरोबरचे सारे सहकारी पडले होते. त्याने हातबॉम्ब फेकून ती तोफ बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले, आणि मग मॅगझिन बदलण्याइतकाही अवकाश उरला नाही म्हणून तीच टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठोकून काढले. त्यानंतर आडून आलेल्या गोळ्यांनी तोही पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावला त्याचे स्मारक उभे राहिले. त्या पराक्रमापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण रिकामी पेटी बदलण्याची ती दोन-तीन सेकंदे शिपायाच्या आयुष्यात कोणत्या क्षणी येतात, हेही त्या हकिकतीतूनच कळते.

इतिहासात डोकावले तर पेटी सहज बदलता यावी ही कल्पना फारशी जुनी नाही असे दिसते. गोव्याच्या लोहारांनी घडविलेल्या तोड्याच्या बंदुकांची सोळाव्या शतकात आल्बुकेर्कनेही वाखाणणी केली होती. पण त्या काळी बंदुकीगणिक नळीचे माप निराळे असे आणि गोळ्या ओतण्याचा साचा ज्याचा त्याने जवळ बाळगावयाचा, हा जगभरचा रिवाज होता. शेजारच्या शिपायाची गोळी आपल्या नळीत बसेलच याची खात्री नसे. त्यानंतर तीनशे-चारशे वर्षांनी काडतुसाचे माप ठरले, कारखान्यात एकसारख्या नळ्या निघू लागल्या. तरी पेटी मात्र बंदुकीला बांधलेलीच राहिली, आणि तेही अक्षरशः. ब्रिटिशांच्या जुन्या ली-मेटफर्ड रायफलीत मॅगझिन हरवू नये म्हणून ते एका कडीने रायफलीलाच जखडलेले असे. पुढची थ्री-नॉट-थ्री आली, तिच्या दहा काडतुसांच्या पेटीची कडी गेली, पण शिकवण तीच राहिली: पेटी काढावयाची ती साफसफाईसाठी, गोळ्या भरावयाच्या त्या पाच-पाचच्या पट्टीने, वरून. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा आपल्या जवानांच्या हाती बहुतांशी हीच रायफल होती, आणि समोर सालाझारच्या पलटणीतही बहुतेकांजवळ हाताने खटका मागे ओढावयाच्या जुन्याच रायफली होत्या. दोन्ही बाजू सारख्याच मागासलेल्या होत्या म्हणून ते उणेपण येथे डोळ्यांत भरले नाही. पुढच्याच वर्षी हिमालयात स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित हत्यारे घेतलेल्या चिनी सैन्यापुढे ते उघडे पडले, आणि घाईघाईने इशापूरच्या कारखान्यात सेल्फ-लोडिंग रायफल, म्हणजे आपली एसएलआर, तयार होऊ लागली.

येथून पेटीची खरी कथा सुरू होते. एसएलआरचे मूळ बेल्जियममधील एफएएल या रायफलीत आहे. बेल्जियमने तिची रेखाटने मिलिमीटरमध्ये काढली; ब्रिटन आणि त्याच्या राष्ट्रकुलातील देशांनी तीच रायफल इंचाच्या मापात पुन्हा आखून घेतली. काडतूस तेच, ७.६२ गुणिले ५१ मिलिमीटरचे, नाटो संघटनेने एकमुखाने मान्य केलेले. बाह्य रूपही जुळ्या बहिणींसारखे. पण मॅगझिन पुढच्या बाजूने अडकविण्याची जी खुंटी असते ती इंचाच्या नमुन्यात मोठी आणि झाळून बसविलेली, मिलिमीटरच्या नमुन्यात लहान, पत्र्यालाच दाबून काढलेली. परिणाम असा की मिलिमीटरचे मॅगझिन इंचाच्या रायफलीत कसेबसे बसते, पण इंचाचे मॅगझिन मिलिमीटरच्या रायफलीत मुळीच जात नाही. १९८२ साली फॉकलंड बेटांवर ब्रिटिश आणि अर्जेंटिनी शिपाई समोरासमोर आले तेव्हा दोघांच्या हाती हीच रायफल होती, एकाच्या हाती इंचाची, दुसऱ्याच्या हाती मिलिमीटरची. आपल्या एसएलआरची गोष्ट तर याहूनही न्यारी. परदेशी नमुने समोर ठेवून आपण स्वतःची रेखाटने केली आणि जी रायफल निघाली तिचे भाग ब्रिटिशांच्या रायफलीशीही पूर्णपणे जुळेनात. ज्या देशाला स्वतःच्याच गरजेपुरते उत्पादन करावयाचे होते त्याला त्या वेळी याचे सोयरसुतक नव्हते, हे समजण्यासारखे आहे. पण सवय तेथपासून लागली.

पोर्तुगालचेच उदाहरण घ्या. गोवा हातचा गेला त्याच १९६१ साली अंगोलात बंड पेटले, आणि सालाझारच्या सैन्याने मिळेल तेथून नव्या रायफली गोळा केल्या. बेल्जियन पद्धतीच्या एफएएल आल्या. जर्मन बनावटीच्या जी-३ आल्या आणि पुढे परवान्याने पोर्तुगालातच तयार होऊ लागल्या. छत्रीधारी सैनिकांसाठी हॉलंडमध्ये बनलेल्या, अमेरिकी रचनेच्या एआर-१० आल्या. तिन्ही रायफली एकापेक्षा एक सरस, तिन्हींचे काडतूस एकच. आणि तिन्हींची मॅगझिने एकमेकींत न बसणारी. काडतूस एक झाले की प्रश्न सुटला अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी त्या जंगलातील शिपायाचा विचार करावा. शेजारी पडलेल्या सोबत्याच्या कमरपट्ट्यात वीस-वीस काडतुसांच्या चार भरलेल्या पेट्या आहेत, आणि आपल्या रायफलीला त्यांतली एकही लागत नाही. त्या पेट्यांतून एकेक काडतूस अंगठ्याने काढून आपल्या पेटीत भरत बसणे एवढाच मार्ग त्याला उरतो, आणि तेवढी उसंत शत्रू देतोच असे नाही.

नाटोने हा धडा काही अंशी घेतला. ५.५६ गुणिले ४५ चे लहान काडतूस १९८० साली संघटनेने प्रमाण म्हणून स्वीकारले, आणि त्याच वर्षी अमेरिकी एम-१६ रायफलीचे मॅगझिन सर्वांनी वापरावे असा मसुदाही पुढे आला. गमतीची गोष्ट अशी की त्या मसुद्यावर शिक्कामोर्तब कधीच झाले नाही. तरीही ‘स्टॅनॅग मॅगझिन’ हे नाव जगभर रूढ झाले, आणि ब्रिटनपासून बेल्जियमपर्यंत, पुढे तर फ्रान्सच्याही सुधारलेल्या रायफलीत, तीच डबी बसू लागली. कागदावर न उमटलेला करार बाजाराने आणि गरजेने पाळला. अर्थात सर्वांनीच नव्हे. जर्मनांची जी-३६ आपल्या पारदर्शक पेट्या घेऊनच आली. ऑस्ट्रियाची स्टायर ऑग आपल्याच मार्गाने गेली. पण एवढ्या ढिल्या बंधनानेही केवढे काम झाले पाहा: एकाच मापाची डबी डझनावारी कारखाने बनवू लागले, त्यांच्यात चुरस लागली, आणि पत्र्याच्या डबीतले दोष एकेक करून निघून गेले.

ही डबी मुळात काही आदर्श नव्हती, हेही सांगितले पाहिजे. एम-१६ ची पेटी हलक्या ॲल्युमिनियमची, वापरून फेकून द्यावी अशा हिशेबाने केलेली. पहिली वीस काडतुसांची होती, आणि व्हिएतनाममधील शिपाई तीत अठराच भरीत, कारण वीस भरल्यास स्प्रिंग दगा देते अशी त्यांची श्रद्धा. पुढे तीसची आली तेव्हा नवी अडचण उभी राहिली: रायफलीतील खाच सरळ पेटीसाठी केलेली, पण निमुळती काडतुसे एकावर एक रचली की त्यांची रास वाकत जाते. मग वरचा भाग सरळ, खालचा वाकडा, आणि मध्ये जेथे वळण येते तेथे काडतुसांची कुचंबणा. एके रायफलीच्या रचनाकारांनी हे दुखणे मुळातच टाळले. तिचे काडतूस अधिक निमुळते, म्हणून पेटी पहिल्यापासून विळ्यासारखी वाकलेली; जाड पोलादाची, पुढचे टोक अडकवून मागचे झुलवून बसवावयाची. वजनाला मात्र जबर. एम-१६ चे तीस काडतुसांचे रिकामे मॅगझिन सव्वाशे ग्रॅमही भरत नाही. एकेचे पोलादी मॅगझिन सव्वातीनशे ग्रॅमच्या पुढे जाते. पण तेवढ्या वजनाच्या मोबदल्यात शिपायाला जे मिळते ते असे की ती पेटी चिखलात पडो, दगडावर आपटो, ती चालतेच. काश्मिरात आपल्या जवानांनी इन्सासपेक्षा एकेला पसंती दिली, केंद्रीय राखीव पोलीस दलाने नक्षलग्रस्त भागासाठी तीच मागितली, त्याचे एक कारण या पेटीत आहे.

प्रमाण ठरले म्हणजे सारे आपोआप जुळते असाही भ्रम नको. २००७ साली मॅगपुल या अमेरिकी कंपनीने प्लास्टिकचे मॅगझिन बाजारात आणले. टिकाऊपणात ते पत्र्याच्या डबीला मागे टाकणारे निघाले आणि शिपाई पदरच्या पैशाने ते घेऊ लागले. पण तेच मॅगझिन ब्रिटिशांच्या एल-८५ मध्ये आणि जर्मन एचके-४१६ मध्ये नीट बसेना, कारण या रायफलींनी पेटीच्या खाचेचा आकार किंचित वेगळा ठेवला होता. अमेरिकी मरीन दलाने एचके-४१६ वरून बेतलेली एम-२७ घेतली तेव्हा हीच अडचण आली आणि २०१२ साली त्या प्लास्टिकच्या पेट्यांना मनाई करावी लागली. कंपनीने माप सुधारून नवी पेटी काढली, आणि २०१६ च्या अखेरीस तीच मरीन दलाची अधिकृत पेटी झाली. मापाच्या मसुद्यात जे मोघम राहते ते शेवटी रणांगणावर उघड होते. ब्रिटिशांनी तर एल-८५ रायफल सुधारून घेतली तेव्हा तिच्याबरोबर नवे पोलादी मॅगझिनही करून घेतले. जुन्या रायफलीत धक्का लागून पेटी गळून पडत असे, एवढी त्यांची शोभा झाली होती.

आता आपल्या घराकडे वळू. पाषाणच्या संस्थेने रचलेली इन्सास ही ५.५६ ची रायफल आपण नव्वदीच्या दशकात सैन्याला दिली. यंत्रणा बरीचशी एकेच्या वळणाची, काडतूस नाटोचे, आणि मॅगझिन ना एकेचे ना नाटोचे, सर्वस्वी स्वतःचे. त्या मॅगझिनमागची कल्पना मात्र उत्तम होती: वीस काडतुसांची अर्धपारदर्शक पेटी, म्हणजे किती गोळ्या शिल्लक आहेत ते शिपायाला दिसावे. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर त्या प्लास्टिकला थंडी सोसली नाही. पेट्या तडकल्या, रायफली अडकल्या. नंतर सुधारणा झाल्या हे खरे, आणि इन्सास ही सर्वस्वी टाकाऊ रायफल होती असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. तिच्या नेमबाजीची अचूकता वापरणाऱ्यांनी मान्य केलेली आहे. परंतु विचार करा. तिची पेटी जर त्या वेळी जगात सर्वत्र मिळणाऱ्या मापाची असती तर कारगिलनंतर महिनाभरात दुसऱ्या कारखान्याच्या चांगल्या पेट्या आणून जवानांच्या हाती देता आल्या असत्या. तसे करता आले नाही, कारण ती पेटी आपल्याशिवाय जगात कोणीच बनवीत नव्हते. स्वदेशी असणे आणि एकाकी असणे या दोन गोष्टींत फरक आहे, आणि हा फरक आपल्या रचनाकारांनी त्या वेळी ओळखला नाही.

आज आपल्या पायदळाच्या कोठारात काय आहे? इन्सासची स्वतःची पेटी. विशेष दलांच्या इस्रायली तावोर आणि अमेरिकी एम-४ यांची नाटोची पेटी. काडतूस इन्सासचेच, पण पेटी इन्सासमध्ये न बसणारी. नव्वदीच्या दशकात पूर्व युरोपातून आणलेल्या सुमारे एक लाख एकेंची आणि नव्या एके-२०३ ची पेटी. सिग-७१६ ची वीस काडतुसांची पेटी, जिचे घराणे थेट त्या एआर-१० पर्यंत पोहोचते. राज्यांच्या पोलीस दलांत अजून निघालेली नाही ती एसएलआरची पेटी, आणि थ्री-नॉट-थ्रीच्याच साच्यातून ७.६२ साठी बेतलेल्या इशापूर रायफलीची बारा काडतुसांची पेटी निराळीच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके घेऊन आलेल्या दोघांपुढे पोलिसांच्या हाती काय होते ते आपण छायाचित्रांतून पाहिले आहे. त्याची पुनरुक्ती नको.

या पार्श्वभूमीवर नव्या रायफलींचे गुणदोष पाहू. सिग-७१६ ही नेमकी, दमदार आणि लांब पल्ल्याची आहे. पाचशे मीटरच्या पुढेही तिच्या गोळीत जोर राहतो. डोंगरमाथ्यावरून समोरच्या डोंगरमाथ्यावर गोळी टाकावयाची असेल तर हीच रायफल हवी. एके-२०३ चा परिणामकारक पल्ला संरक्षण मंत्रालयानेच ३०० मीटर सांगितला आहे, आणि झाडीत, वस्तीत, बोळात तेवढा पुष्कळ झाला. पण पल्ल्याच्या हौसेत वजनाचा हिशेब विसरता कामा नये. ५.५६ चे एक काडतूस सुमारे बारा ग्रॅमचे, एकेचे सोळा-सतरा ग्रॅमचे, सिगचे चोवीस ग्रॅमचे. १८० काडतुसे पेट्यांसह वाहावयाची म्हटली तर ५.५६ मध्ये सहा पेट्या आणि तीन किलोच्या आत वजन. पोलादी पेट्यांच्या एकेमध्ये सहा पेट्या आणि पाच किलोच्या आसपास. सिगमध्ये नऊ पेट्या आणि साडेपाच किलोच्याही वर. वीस काडतुसांच्या पेट्यांत शिपायाला दीडपट वेळा पेटी बदलावी लागते, हे वर आणखी. अमेरिकी लष्कर हाच व्यवहार सध्या करीत आहे. त्यांच्या नव्या ६.८ मिलिमीटर रायफलीसाठी शिपायाजवळ वीस-वीसच्या सात पेट्या, म्हणजे १४० काडतुसे. पूर्वी तीस-तीसच्या सात, म्हणजे २१०. त्यांच्या सैन्यातही यावर वाद चालू आहे, आणि तो पोकळ नाही.

म्हणून आमचे मत असे की एके-२०३ ची निवड पायदळाच्या मोठ्या हिश्श्यासाठी योग्य आहे, आणि तिचे सर्वांत मोठे बळ तिच्या नळीत नसून तिच्या पेटीत आहे. तीस वर्षांपूर्वी आणलेल्या एकेची पेटी तिला चालते आणि तिची पेटी त्या जुन्या एकेला चालते. जुना साठा एका रात्रीत भंगार होत नाही. दोन पिढ्यांची हत्यारे खांद्याला लावलेले दोन जवान एकमेकांना भरलेली पेटी देऊ शकतात. एवढी सोय देणारा करार आपण याआधी फारसा केलेला नाही. एकेच्या अंगभूत उणिवा आहेतच. शेवटची गोळी झाडल्यावर रायफल उघडी राहून शिपायाला सूचना देत नाही, आणि झुलवून बसवावयाची पेटी सरळ खुपसावयाच्या पेटीइतक्या चपळाईने बदलत नाही. सरावाने ही उणीव पुष्कळशी भरून निघते. अडकलेल्या काडतुसाची मात्र सरावाने भरपाई होत नाही.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक हत्याराचे काम वेगळे, मग पेटी वेगळी असली तर बिघडले कोठे? डोंगरावरच्या शिपायाला सिग, खोऱ्यातल्याला एके, कमांडोला तावोर. ज्याची त्याची पेटी ज्याच्या त्याच्या पट्ट्यात. युक्तिवाद वरवर ठीक दिसतो. पण पलटणी एकाच ठिकाणी राहत नाहीत. आज काश्मिरात असलेली पलटण दोन वर्षांनी अरुणाचलात जाते. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून जुने आयुधनिर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या आहेत. खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांतील काडतुसे एका कंपनीकडे, इशापूरच्या रायफली दुसऱ्या कंपनीकडे. त्यांत अमेठीची संयुक्त कंपनी, पुण्या-हैदराबादचे खासगी कारखाने, आणि परदेशी पुरवठादार. काडतूस बनविणारा एक, रायफल बनविणारा दुसरा, पेटी बनविणारा तिसरा. आणि तिघांनी ज्या मापाशी बांधून घ्यावयाचे ते माप सांगणारा एक अधिकारी कोठे आहे? स्पर्धा वाढविण्यात आम्हांला काही वावगे दिसत नाही. पण माप एक असेल तरच स्पर्धेचा लाभ शिपायापर्यंत पोहोचतो. माप अनेक असतील तर ज्याने रायफल विकली त्याचीच पेटी जन्मभर घेत राहणे आले, आणि किंमतही तो म्हणेल ती.

तीन काडतुसे ठेवावयाची असतील तर खुशाल ठेवा, पण प्रत्येक काडतुसाला पेटी एकच असावी. ७.६२ गुणिले ३९ ला एकेची, ती आहेच. ५.५६ ला नाटोची. नव्या लाखो कार्बाइन, तावोर आणि एम-४ या सर्वांत ती एकच डबी बसली पाहिजे आणि इन्सास आपल्या पेट्यांसह क्रमाक्रमाने निवृत्त झाली पाहिजे. ७.६२ गुणिले ५१ ला सिगने आणलेली. ‘उग्रम’ जर पलटणीत यावयाची असेल तर तिची पेटी सिगमध्ये आणि सिगची पेटी तिच्यात बिनतक्रार बसणे ही पहिली अट असावी, अचूकतेच्या परीक्षेच्याही आधीची. इंदूरजवळ महू येथे आपली इन्फन्ट्री स्कूल आहे. सियाचीनच्या थंडीत ठेवून, राजस्थानच्या वाळूत लोळवून आणि कोकणच्या आषाढी पावसात भिजवून पेट्यांची परीक्षा घेण्याचे आणि मापाचे पोलादी साचे प्रत्येक कारखान्याला देण्याचे काम तिच्याकडे सोपविता येईल. राज्यांच्या पोलिसांना नवी हत्यारे देताना हेच साचे लागू व्हावेत, म्हणजे गडचिरोलीतला जवान आणि त्याच्या मदतीला आलेला केंद्रीय दलाचा जवान यांना एकमेकांच्या पट्ट्यांतल्या पेट्या उपयोगी पडतील.

आणि आणखी एक, जे हिशेबनीसांना रुचणार नाही. मॅगझिन ही रायफलीबरोबर एकदा नोंदवून पंचवीस वर्षे जपावयाची वस्तू नव्हे. ती झिजणारी, दरसाल काही प्रमाणात बाद करावयाची वस्तू आहे. आपल्याकडे मात्र हरवलेल्या पेटीचा जाब शिपायाला द्यावा लागतो. ओठ वाकलेली, स्प्रिंग मेलेली पेटी मोजणीला पुरी भरावी म्हणून पट्ट्यात राहते आणि लढाईलाही तीच जाते. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे पुढच्या वेळी रायफलींचे आकडे येतील तेव्हा सदस्यांनी प्रत्येक रायफलीमागे किती मॅगझिने घेतली, कोणत्या मापाची घेतली आणि गेल्या वर्षी त्यांतली किती मोडीत काढली, हे तीन आकडे मागून घ्यावेत. बेळगावच्या केंद्रातून दर तुकडीगणिक आमच्या घाटावरची, कोकणची आणि सीमाभागाची मुले पलटणीत जातात. त्यांच्या घरच्यांना ते आकडे वाचावयाचे आहेत.